लहान मुलांची औषधं नीट समजावून सांगणारं फार्मासिस्टचं क्लिनिक मुंबईत आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, त्याला बाळदमा आहे. आम्ही भांडुपला राहतो. डॉक्टर चांगले आहेत, पण ओपीडीत छाती तपासून चिठ्ठी लिहून होते तोवर पुढचं मूल दारात उभं असतं. आमचे प्रश्न घरी आल्यावर सुरू होतात.

दिवसभर मुलाजवळ सासूबाई असतात. धाप लागली की निळा पंप, दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ, हे त्यांना पाठ आहे. पण मागे ताप आला तेव्हा कपाटात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या निघाल्या. एकीत पाच मिलीत १२० मिग्रॅ, दुसरीत २५०. चिठ्ठीवर नुसतं ‘५ मिली’. लेबलावरचं अक्षर इतकं बारीक की त्यांना चष्मा लावूनही लागेना, म्हणून त्यांनी मला ऑफिसात फोन केला. खालच्या मेडिकलमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "डॉक्टरांना विचारा."

ब्रिटनमध्ये काही हॉस्पिटलांत फार्मासिस्ट स्वतः क्लिनिक चालवतात. आपल्याकडेही फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ पासून आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये तर रुग्णाला औषध समजावून सांगणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम म्हणूनच लिहिलंय. आमच्या ओळखीतल्या एकाही आईबापाला हे ठाऊक नाही. मेडिकलवाला म्हणजे गोळ्या देणारा, एवढंच आपल्या डोक्यात.

डोस बदलणं डॉक्टरांचंच काम, त्याबद्दल वाद नाही. मला हवी आहेत फक्त पंधरा-वीस मिनिटं. कोणीतरी औषधांची अख्खी पिशवी टेबलावर ओतून बघावं, वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेलं एकमेकांत अडत नाही ना ते तपासावं, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी, जिच्यातून मूल औषध ओढतं) लावून दाखवावा. तेही मराठीत आणि सासूबाईंच्या समोर, कारण औषध त्यांच्या हातून जातं. मुंबईत, निदान ठाण्यापर्यंत, कोणी मुलाला असं कुठे नेलं आहे का? डॉक्टरांची चिठ्ठी लागते का? फी किती?

– रेवाची_आई

---

रेवाची_आई, मुलांसाठी वेगळं क्लिनिक माझ्या पाहण्यात नाही. पण माझी भाची अ‍ॅडमिट होती त्या हॉस्पिटलात डिस्चार्जच्या दिवशी क्लिनिकल फार्मासिस्ट (म्हणजे खिडकीवर औषध देणारी नव्हे, रुग्णांची औषधं तपासणारी) येऊन सगळं समजावून गेली. तुमच्या हॉस्पिटलात औषधाच्या खिडकीवर विचारू नका, ‘क्लिनिकल फार्मासिस्ट आहेत का’ असं रिसेप्शनवर स्पष्ट विचारा. जाताना मुलाचं ताजं वजन लिहून न्या, मुलांचा डोस वजनावर ठरतो. बाटल्या खोक्यासकट न्या. आणि डॉक्टरांना मिलीसोबत मिग्रॅही लिहायला सांगा, कंपनी बदलली की मिलीचा हिशेब बदलतो.

स्पेसरचं एवढं आत्ताच सांगते. साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि तसाच निथळू द्या. आतून फडक्याने पुसलात तर औषध भिंतीला चिकटतं, मुलाच्या छातीत कमी जातं. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा, मास्क असेल तर तोंडही पुसा.

– कांजूरमार्गकर

---

मनापासून आभार. स्पेसर आम्ही रोज पुसूनच ठेवत होतो, कोणी सांगितलंच नव्हतं. हॉस्पिटलात सोमवारी फोन करते. अजून एक: रोजच्या पंपावर आकडा दिसत नाही, तो संपत आलाय हे सासूबाईंनी कसं ओळखायचं?

– रेवाची_आई