मदत हवी आहे: लय खरंच बदलते की नुसती दुगुन होते?

कोरियन पॉपमधल्या दोन मुलींच्या गटांच्या गाण्यांवरून, गर्ल्स जनरेशनचं 'आय गॉट अ बॉय' (2013) आणि एनमिक्सचं 'ओ.ओ' (2022) यांवरून, आमच्यात वाद चाललाय. मैत्रीण म्हणते, दोन-तीन गाणी नुसती चिकटवलीत. मला ते अजिबात पटत नाही. 'ओ.ओ' हे गाणं मध्येच पॉप-रॉकवर उडी मारतं आणि पुन्हा मूळ ट्रॅप-बाइले फंकवर (हिप-हॉप आणि ब्राझिली नाचाच्या ठेक्यांचं मिश्रण) परततं, म्हणजे मांडणी विचारपूर्वकच आहे.

अडलंय ते लयीवर. टॅप टेम्पोचं अॅप (ठेक्यावर बोट टेकवलं की गाण्याचा वेग आकड्यात दाखवणारं) वापरलं, तर तेच कडवं एकदा अमुक आकडा दाखवतं, एकदा बरोबर दुप्पट. पाऊण वेगावर ऐकलं, टाळ्या देऊन आठ-आठ मात्रा मोजल्या. 'आय गॉट अ बॉय'च्या पहिल्या सांध्यावर (जिथे एक भाग संपून वेगळ्या चालीचा भाग सुरू होतो) गाणं क्षणभर थांबतं आणि तिथेच माझी टाळी चुकते.

संगीत शिकलेले नाही, नोटेशन वाचता येत नाही. फोन आणि हेडफोन एवढंच आहे. कोरियन प्रॉडक्शनच्या मुलाखती नकोत, कानाने ओळखायची रीत हवी. अशा सांध्यावर मूळ लयच बदलली की लय तीच राहून ठेका दुगुन (दुप्पट वेगाचा) झाला, हे ओळखायला नेमकं काय ऐकायचं: किक (ड्रमचा जड 'धम्'), स्नेअर (ड्रमचा कडक 'टक्') की गायिकांचे शब्द?