मदत हवी आहे: ज्योत्स्ना भोळे रंगमंचावर पद किती वेळ गात?

गायिका-अभिनेत्री ज्योत्स्नाबाईंच्या रंगभूमीवरच्या वाटचालीवर 40 मिनिटांचा कार्यक्रम बसवतोय. गोव्यातलं बालपण, 1933चं ‘आंधळ्यांची शाळा’, केशवराव भोळ्यांचं संगीत, एवढं लिहून झालंय. गाडी अडलीय ‘कुलवधू’ नाटकापाशी (1942).

त्यातलं ‘बोला अमृत बोला’ आमची गायिका नाटकाची नायिका भानुमती हिच्या वेषात, आधीच्या संवादासकट सादर करणार आहे. ध्वनिमुद्रिका पुष्कळदा ऐकली, नोटेशनही काढलं. पण 78 गतीच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत, त्यामुळे प्रयोगातला विस्तार त्यावरून कळत नाही. नाटकाचं पुस्तक वाचलं, त्यात फक्त पदाचे शब्द आहेत. जुने प्रयोग पाहिलेल्या दोघांना विचारलं. एक म्हणतात, बाई आटोपशीर गात, भूमिका सोडत नसत. दुसऱ्यांना वन्समोअर आणि भरपूर ताना आठवतात. मला पहिलं जास्त पटतं, कारण त्यांच्या गाण्यात शब्द कधी चेंगरत नाही. पण नुसत्या पटण्यावर संहिता कशी लिहू?

साथीला ऑर्गन आणि तबला एवढंच आहे. गायिकेची पट्टी (गाण्याचा मूळ स्वर) काळी चार. संहिता तीन आठवड्यांत पक्की करायचीय. मुद्रिकांचे दुवे नकोत, ते आहेत.

ज्यांनी प्रयोग पाहिलेत किंवा ज्यांच्या घरात ऑर्गन-तबल्याची साथ करणारं कुणी होतं, त्यांनी कृपया सांगावं: हे पद प्रयोगात साधारण किती मिनिटं चाले, आणि गाताना बाई सहकलाकाराकडे पाहत की प्रेक्षकांकडे?