गायीच्या जबड्यावरची दगडासारखी गाठ डागावी का?

गोठा_राऊ : इंदूरजवळ राऊ येथे आमच्या पाच गायी आहेत. त्यांतील दुसऱ्या वेताच्या, सध्या चार महिन्यांच्या गाभण गिर गायीच्या खालच्या जबड्यावर दाढांच्या रेषेत दीड महिन्यापूर्वी सुपारीएवढी गाठ दिसली. ती आता लिंबाएवढी झाली असून दगडासारखी घट्ट आहे आणि हाताने हलत नाही. दाबले तरी गाय मान काढून घेत नाही, मात्र भुसा चघळताना मध्येच घास टाकते. शेजारचे काका तापलेल्या सळईने डागण्यास सांगतात. आईने तिला वासरू असल्यापासून वाढवले आहे, म्हणून आधी विचारतो.

पशुवैद्य_महू : कृपया डागू नका. गळू असते तर ते गरम आणि दुखरे असते व पुढे मऊ पडते; आपले वर्णन ॲक्टिनोमायकोसिस या जबड्याच्या हाडाच्या रोगाशी जुळते. ॲक्टिनोमायसिस बोव्हिस हा जिवाणू निरोगी गुरांच्या तोंडातही असतो, आणि गव्हाच्या भुशातील कुसळाने किंवा काट्याने हिरडीला जखम झाली, अथवा नवी दाढ फुटत असली, की तेथून तो हाडात उतरतो. मग हाड आतून मधाच्या पोळ्यासारखे पोखरते आणि बाहेरून नवे हाड चढत जाते. डागण्याने केवळ कातडी जळेल.

गाठ फुटली तर घट्ट पुवात पिवळसर, रव्यासारखे कण दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची मांडणी किरणांसारखी दिसते. १८७७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हार्ट्झ यांनी या जिवाणूला नाव दिले ते त्यावरूनच; ‘ॲक्टिनो’ म्हणजे किरण.

उपचारात सोडियम आयोडाइड शिरेतून देतात, सोबत प्रतिजैविक. गाय गाभण आहे हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा, कारण आयोडाइडने गर्भपाताचा धोका मानला जातो आणि त्यानुसार औषध ठरवावे लागते. आयोडाइड दिल्यावर डोळ्यांतून पाणी येऊ लागले, कातडीवर कोंडा दिसला किंवा खाणे कमी झाले, तर पुढचा डोस थांबवून लगेच कळवावे.

देवास_गोपालक : आमच्याकडे ओळखायला उशीर झाला आणि दोन दाढा हलू लागल्यावर आम्ही महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो. तेथे एक्स-रे काढून उपचार झाले, वाढ थांबली, पण जबड्याचा उंचवटा तसाच राहिला. गाठ पूर्ण जिरेल अशी आशा धरली होती, त्यामुळे आम्हाला फार वाईट वाटले. आपण ती अपेक्षा ठेवू नये. आमच्या गायीला कोरड्या भुशाऐवजी बारीक कापलेली हिरवी मका आणि भिजवलेली पेंड दिली, तेव्हा तिचे खाणे सुधारले.

गोठा_राऊ : उद्या सकाळीच डॉक्टरांना बोलावतो. बाकीच्या चार गायींना हा रोग लागेल का, आणि दूध?

पशुवैद्य_महू : एका गायीपासून दुसरीला तो सहसा थेट लागत नाही, परंतु तोच काटेरी भुसा सर्वजणी खात असतील तर जखमेचा धोका सर्वांनाच आहे, म्हणून भुसा चाळून व भिजवून घाला. गाठ फुटल्यास पू गव्हाणीत सांडू देऊ नका. दूध किती दिवस वापरायचे नाही हे दिलेल्या औषधावर ठरते; ती मुदत डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तोवर ते डेअरीत घालू नका.