नाताळच्या भेटवस्तूंवरचा खर्च गरजूंकडे वळवायचा आहे, पण घरच्यांना कसे सांगावे?

प्रश्न

आमच्याकडे नाताळला एकत्र येणारी माणसे 12 आहेत, त्यांतली 8 मोठी आणि 4 मुले. प्रत्येकाने प्रत्येकाला काहीतरी द्यायचे, ही रीत कधी पडली ते कुणालाच आठवत नाही आणि ती मोडायला कुणी धजावतही नाही. गेल्या जानेवारीत कपाट आवरताना मला पाच मग, किमतीचा कागदही न काढलेली एक शाल आणि सुगंधी मेणबत्त्यांचा न उघडलेला संच सापडला. हा संच नणंदेने दिला होता, आणि त्याच्या खोक्यात, मेणबत्त्यांखालच्या कागदाच्या घडीत, मीच दोन वर्षांपूर्वी तिला लिहिलेली चिठ्ठी तशीच अडकून राहिली होती. रागावण्याचा मला अधिकार नव्हता, कारण तो संच मी तरी कुठे विचार करून घेतला होता.

यंदा हा खर्च निम्म्यावर आणून उरलेली रक्कम खऱ्या गरजूंना द्यावी, असे आम्हा दोघांच्या मनात आहे. अडचण अशी की, सासूबाईंना आणि जाऊबाईंना हा चिक्कूपणा वाटेल. सर्वांच्या नावे परस्पर देणगी देऊन प्रत्येकाच्या हाती तसे कार्ड ठेवावे, असे यजमानांचे म्हणणे आहे, पण मला ते पटत नाही. का पटत नाही, ते मात्र नेमके सांगता येत नाही. शिवाय, द्यायचे ते पैशांत द्यावे की वस्तूंत?

प्रतिसाद 1

ताई, आधी हिशेब मांडा, म्हणजे चर्चा स्वभावावर न घसरता आकड्यांवर राहील. 12 जणांनी एकमेकांना द्यायचे म्हणजे 132 भेटवस्तू झाल्या. त्यांतल्या 56 केवळ मोठ्यांच्या आपापसांतल्या आहेत. मोठ्यांनी नावांच्या चिठ्ठ्या टाकून एकेकच उचलली, तर 56 च्या जागी 8 राहतात, आणि मुलांच्या वाट्याचे काहीही कमी होत नाही. मुलांना यात ओढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यागाचा निर्णय मोठ्यांनी घ्यायचा आणि रिकामा हात मुलांनी पाहायचा, हा न्याय नव्हे.

दुसरे म्हणजे, हे सांगायला डिसेंबर उजाडू देऊ नका. काही जण खरेदी फार आधीपासून करून ठेवतात, आणि एकाने पिशवीभर वस्तू आणल्यावर दुसऱ्याने तत्त्व सांगणे यासारखा अवघड प्रसंग नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षी नेमके हेच झाले आणि वहिनी दोन महिने माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होती. सासूबाईंना आधी एकट्याने भेटून विचारा, आणि प्रस्ताव त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

प्रतिसाद 2

पैसे की वस्तू, एवढ्यापुरतेच लिहितो. मदतकार्यासाठी आलेल्या वस्तू वेगळ्या करण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. एका खोक्यात तळाशी उंच टाचेची एकच चप्पल होती, तिची जोडीदार शेवटपर्यंत सापडली नाही. त्याखाली मुदत संपलेल्या खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली होती, आणि ती गळाल्याने वरचे सगळे कपडे चिकट झाले होते. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर उष्ण किनारपट्टीवरच्या लोकांसाठी लोकरी कपडे येऊन पडले होते. देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, परंतु नको असलेल्या वस्तू उतरवणे, निवडणे आणि अखेर फेकणे यांतही माणसे आणि पैसा खर्ची पडतो. रोख रकमेतून तिथल्या तिथे, हवे तेच आणि हव्या त्या मापाचे घेता येते, म्हणून संस्थेने स्वतः यादी दिली असेल तरच वस्तू द्याव्यात.

‘एका कुटुंबाला शेळी द्या’ अशा स्वरूपाच्या भेटी हल्ली पुष्कळ संस्था सुचवतात. पैसे भरण्याआधी बारीक अक्षरांतला मजकूर जरूर वाचा, कारण ही रक्कम गरज असेल तिथे वापरली जाईल, असे अनेकदा तिथेच लिहिलेले असते. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, पण मुलांना ‘आपली शेळी’ म्हणून सांगून ठेवू नका. आणखी एक गोष्ट म्हणजे, नाताळच्या सुमारास हात आणि पैसा दोन्ही भरपूर येतात, फेब्रुवारीत मात्र फोन करून माणसे गोळा करावी लागतात. वाचलेल्या रकमेचे बारा भाग करून दरमहा देता आले, तर संस्थेला आखणी करणे सोपे जाते.

प्रतिसाद 3

आपल्याला जे नेमके सांगता आले नाही, ते मला अनुभवाने ठाऊक आहे. एका नाताळला मला असेच कार्ड मिळाले, आणि माझ्या नावे देणगी गेली होती ती अशा संस्थेला, जिच्या कामाच्या पद्धतीवर मी त्याच व्यक्तीसमोर अनेकदा आक्षेप घेतला होता. त्यात भेटही माझी नव्हती आणि दानही माझे नव्हते, तरी आभार मात्र मलाच मानावे लागले. दान करायचे तर स्वतःच्या वाट्यातून करावे. ‘यंदा मला काही आणू नका, ती रक्कम अमुक कामाला द्या’ असे आपण आपल्यापुरते म्हणू शकता. दुसऱ्याच्या वतीने ते म्हणता येत नाही.

भेटवस्तू म्हणजे उधळपट्टीच, असेही मला वाटत नाही. जोएल वाल्डफोगेल या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1993 मध्ये असा अंदाज मांडला की, नाताळच्या भेटींच्या किमतीतला एक दशांश ते एक तृतीयांश भाग वाया जातो, कारण घेणाऱ्याच्या लेखी त्या वस्तूचे मोल तेवढे नसते. मात्र त्या पाहणीत विद्यार्थ्यांना भावनिक मोल बाजूला ठेवूनच किंमत सांगायला लावले होते, आणि भेटीतून तेच वजा केले तर वाण्याच्या हिशेबापलीकडे काय उरणार? म्हणून मोठ्यांमधली ती एकेक भेट तरी नीट निवडलेली असू द्या.

राहता राहिला चिक्कूपणाचा आरोप. ज्यांच्यावरून नाताळबाबा आला ते चौथ्या शतकातले मायराचे बिशप संत निकोलस यांनी, आख्यायिकेप्रमाणे, तीन मुलींच्या लग्नासाठी सोन्याच्या थैल्या रात्री गुपचूप त्यांच्या घरात टाकल्या. आपण किती दिले आणि कुणाला दिले, हे नाताळच्या पंक्तीत न सांगितलेलेच बरे, कारण बहुतेकांना खटकते ते देणे नव्हे, त्याचे प्रवचन.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मी आभारी आहे. कार्डांचा विचार यजमानांनी सोडला. चप्पल आणि औषधाचा मजकूर मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला, त्यामुळे जुन्या स्वेटरांची बांधून ठेवलेली दोन गाठोडीही तूर्त सुटली आहेत. वाचलेली रक्कम दरमहा द्यायची आणि त्याबद्दल घरात बोलायचे नाही, असे आमचे ठरले.

काल सासूबाईंकडे एकटीच गेले आणि 132 चा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा तपासला आणि मग म्हणाल्या, “चिठ्ठ्या मी करीन, पण नातवंडांचे विणकाम मी थांबवणार नाही.” निघताना दारापर्यंत आल्या आणि त्यांनी हळूच विचारले की, “मी दिलेले ते चहाचे मग तुम्ही खरेच वापरता ना?” पाचपैकी तीन त्यांचे होते, हे मला तेव्हा आठवले. आज सकाळपासून आम्ही चहा त्यांतूनच घेत आहोत.