जुन्या इंदूरमध्ये आता आणखी रस्ते रुंद करू नका: तुमचं मत काय?

मल्हारगंजकर
बडा गणपतीपासून कृष्णपुऱ्यापर्यंतचा रस्ता रुंद झाला. आता आजूबाजूच्या गल्ल्यांची पाळी येणार, असं ओट्याओट्यांवर बोललं जातंय. माझं म्हणणं आधीच सांगतो: राजवाड्याच्या परिसरात यापुढे एक फूटही रुंदीकरण नको.

होळकरांचा राजवाडा सुटा उभा राहिलेला नाही. मल्हारराव होळकरांच्या काळात 1747 मध्ये काम सुरू झालं. मजले सात, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. 1801 मध्ये शिंद्यांचा सरदार सर्जेराव घाटग्याने शहर लुटून जाळलं, त्यात वाड्याचीही राखरांगोळी झाली. 1818 चा होळकर-इंग्रजांचा मंदसोरचा तह झाला, इंदूर राजधानी झालं आणि होळकरांचे दिवाण तात्या जोग यांच्या कारभारात वाडा पुन्हा उभा राहिला. त्याच्याभोवती पेढ्या, देवळं, सरदारांचे आणि कारकुनांचे वाडे दाटत गेले. ही दाटी काढून टाकली, तर मध्ये उरेल ते फोटोपुरतं.

आणि तोडफोड म्हणजे काय, ते जवळून बघा. आपल्याकडे वाडा खणांनी, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेने मोजतात. रस्त्यासाठी पुढचा खण गेला, की नुसता ओटा जात नाही. सागवानी खांबांची पहिली रांग जाते. तिच्यावर टेकलेल्या तुळयांची टोकं उघडी पडतात. मग घाईघाईने विटांची भिंत उभी करून तुळया तिच्यावर टेकवतात आणि पुढे लोखंडी शटर बसतं. कोरीव गोखडा, म्हणजे रस्त्यावर डोकावणारा लाकडी सज्जा, वखारीत जातो. घर उभं दिसतं, पण त्याचा सांगाडा मोडलेला असतो.

पागेतली सून
दादा, आम्ही अजूनही अशाच वाड्यात राहतो, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. सासूबाईंना रात्री अर्धांगाचा झटका आला तेव्हा अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच अडली. खुर्चीत बसवून त्यांना बाहेर न्यावं लागलं. तुळयांना वाळवी लागली आहे, पावसाळ्यात माजघरात पातेली मांडावी लागतात. मालक म्हणून सातबाऱ्यासारखी नावांची रांग, त्यातली निम्मी माणसं पुण्यात नाहीतर परदेशात. दुरुस्तीला सह्या मिळत नाहीत. वाडा जपा म्हणणारे पुष्कळ भेटतात, सुताराचे पैसे द्यायला कुणी येत नाही. रस्ता रुंद झाला तर निदान माणूस वाचेल.

नकाशेवाला
ताई, तुमची अडचण खरी आहे, पण तिचं उत्तर रुंद रस्ता नाही. हे याच शहरात शंभर वर्षांपूर्वी सांगून झालंय. महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार इथे आले. 1918 चा त्यांचा अहवाल दोन खंडांचा आहे. तेव्हा शहरात प्लेगची धास्ती होती, आणि जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रस्ते काढणं हाच त्या काळचा सरकारी उपाय होता. गेडिस गल्लीगल्लीतून पायी फिरले. फारच मोडकळीला आलेली मोजकी घरं काढा, त्या जागी चौक मोकळे करा, विहिरी साफ करा, बाकीची वस्ती राहू द्या, असं त्यांचं सांगणं होतं.

त्यांनी 1917 च्या दिवाळीत मोठी मिरवणूक काढली. जे मोहल्ले घरं दुरुस्त करून सर्वांत स्वच्छ होतील, तिथूनच ती जाणार, अशी अट होती. मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीर होता आणि पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते. तुळशीची रोपं वाटली गेली. आज स्वच्छतेसाठी देशभर नाव असलेल्या शहराने हा इतिहास अभिमानाने सांगायला हवा.

कापडबाजार
गेडिससाहेबांच्या वेळी टांगे होते. आज गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं आणि जागा मिळाली नाही की विजयनगरच्या मॉलकडे वळतं. एम. टी. क्लॉथ मार्केट, सीतलामाता बाजार, सराफा यांच्यावर हजारो घरं चालतात. बाजार उठला तर वाडे कोण जपणार? माझ्या दुकानाची पुढची बाजू तुटली, नुकसान सोसलं. तरी माल उतरवायला टेम्पो दाराशी येतो, हे मी नाकारणार नाही.

रामबागेतली मावशी
टेम्पो पहाटे येऊ द्या की! दिवसा माणसं चालू द्या. रुंद केलेल्या पट्ट्यात संध्याकाळी दुतर्फा गाड्याच उभ्या असतात, म्हणजे घरं गेली ती पार्किंगसाठी. सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं बंद झाल्यावर भुट्ट्याचा कीस आणि जोशींचे दहीवडे खायला तुडुंब गर्दी होते, ती पायीच ना?

जुना फायरमन
मी आगीबद्दल बोलतो. 1834 मध्ये राजवाड्याचा वरचा मजला जळाला, 1984 च्या दंगलीत मागचा भाग गेला. सागवान एकदा पेटलं की वेळ फार थोडा मिळतो. म्हणून बंब आत जायलाच हवा. पण त्यासाठी सगळी गल्ली पाडायची गरज नसते. लहान बंब असतात, कोपऱ्याकोपऱ्यावर हायड्रंट, म्हणजे बंबासाठी पाण्याचे नळ, बसवता येतात, लोंबणाऱ्या विजेच्या तारा जमिनीखाली घेता येतात. त्या तारा मला गल्लीच्या रुंदीपेक्षा जास्त भीतीच्या वाटतात. जिथे वळणावर बंब अडकतो, तिथला एखादा कोपरा मात्र कापावाच लागेल, मल्हारगंजकर. "एक फूटही नको" हे मला पटत नाही.

मल्हारगंजकर
कोपऱ्याचं मान्य, तो जीव वाचवण्यासाठी आहे. सरळ रेषेत अख्ख्या ओळी कापण्याला माझा विरोध कायम. लाकूड दुरुस्त होत नाही, हेही खरं नाही. राजवाड्याचा जळालेला भाग 2006-07 मध्ये जुन्याच पद्धतीने उभारला. कृष्णाबाई होळकरांनी 1832 मध्ये बांधलेल्या गोपाळ मंदिराचं लाकूडकामही दुरुस्त झालं. देवळाला जमतं तर घरांनाही जमेल. मुंबईत वारसा इमारतींच्या मालकांना टीडीआर, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला विकण्याची मुभा, मिळू शकतो. इथेही वाडा जपणाऱ्याला तो द्या.

पागेतली सून
टीडीआर कागदावर चांगला. पण त्यालाही सगळ्या मालकांच्या सह्या लागणारच, आणि तो विकून पैसे येईपर्यंत आमचं छप्पर थांबणार नाही. मला वाळवीचं औषध आणि चार तुळया या पावसाळ्याआधी हव्यात. एका मालकाच्या सहीवर तातडीच्या दुरुस्तीची परवानगी आणि बिनव्याजी कर्ज, एवढं मिळवून द्या. मग रुंदीकरणाविरुद्धच्या तुमच्या अर्जावर पहिली सही माझी.