वाडीतल्या बंद शाळेत मातीविना भाजी करायची आहे, जाणकारांनी सांगा

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. आमची वाडी गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या दक्षिण अंगाला. पटसंख्या नाही म्हणून इथली शाळा बंद झाली. एक मोठी खोली, खिडक्यांना गज आणि पुढे पूर्वेला तोंड केलेली लांब पडवी, एवढी जागा ग्रामपंचायत आमच्या बचत गटाला वापरायला द्यायला तयार आहे. त्यात हायड्रोपोनिक्सची भाजी करावी असं आमच्या मनात आहे.

कारण सांगते. माकडांनी परस ठेवलं नाही. पडवळाला फूल आलं की वेल खाली. मिरचीचं रोप उपटून हुंगतात आणि नको असेल तर तिथेच टाकून जातात. सासूबाईंच्या हयातीत श्रावणात मांडवभर पडवळं लोंबायची, आता आम्ही मांडवच घालत नाही. गटातल्या अर्ध्या बायका साठीच्या पुढच्या आहेत, वाकून खुरपणं त्यांना होत नाही. कोथिंबिरीची जुडी चिपळूणहून येते, चिपळूणला ती घाटावरून येते. कुंभार्ली घाटात दरड आली की दोन दिवसांत जुडीचा भाव विचारायची सोय राहत नाही.

एका विक्रेत्याने दीड लाखाचं कोटेशन दिलंय. पांढरे पाइप, पंप, टायमर, आणि लेट्युस व स्ट्रॉबेरी लावा म्हणतो. गटाची सगळी शिल्लक त्यात जाईल. आमच्याकडे पावसात वीज किती असते ते तुम्हाला माहीत आहेच. विहीर आहे, पण मे महिन्यात तिचं पाणी मचूळ होतं. या हवेत हे होईल का? काय लावावं? आणि अकरा जणींनी मिळून ते सांभाळावं कसं? कोणी प्रत्यक्ष केलं असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सड्यावरचा

वहिनी, राग मानू नका, पण कोकणात माती असताना पाण्यात भाजी कशाला? परसाला सगळीकडून जाळी मारा, वरूनसुद्धा. एकदाच खर्च. आणि पावसात आपल्याकडे भाजीला तोटा कसला? टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, अळू, पोरं दारात आणून देतात. हे परदेशी खूळ आहे, चार दिवसांत पाइप माळ्यावर जातील.

पागोळी

मी दापोलीकडे राहतो. समुद्रकाठच्या दोन-तीन हॉटेलांना मातीविना वाढवलेली पालेभाजी देतो, म्हणून हातचं लिहितो. लांब होईल.

आधी सड्यावरच्या दादांना. रानभाज्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आणि वहिनींनी ते डोक्यात ठेवूनच पीक निवडावं. पण 'परदेशी खूळ' हे मला पटत नाही. आपल्या देशात १९४६ मध्ये कालिम्पाँगला शोल्टो डग्लस यांनी यावर काम सुरू केलं ते गरिबाघरी जमावं म्हणूनच. खडी, वाळू आणि खतदुकानात मिळणारे क्षार, एवढ्यावर. पाइप आणि पंपाचा थाट त्याला नंतर चिकटला. शिवाय सड्यावर जिथे वीतभर माती नाही, नुसता जांभा आहे, तिथे आपण ट्रकने माती आणून टाकतोच ना?

वहिनी, ते कोटेशन घेऊ नका. त्याला एनएफटी म्हणतात. पाइपात पाण्याचा दोन-तीन मिलिमीटरचा थर सतत वाहता ठेवायचा आणि मुळं हवेत. पंप थांबला की मुळं उघडी पडतात, आणि उन्हाच्या दिवशी काही तासांत रोपं माना टाकतात. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ झालं तेव्हा आमच्या दापोली-मंडणगडात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. जे पीक विजेवर श्वास घेतं ते आपल्या किनाऱ्यावर सामूहिक पैशातून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इन्व्हर्टर घ्या म्हणतील, पण तो खर्च कोटेशनमध्ये नसतो.

त्याऐवजी क्रॅट्की पद्धत बघा. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांच्या नावाने ती ओळखली जाते. पंप नाही, वीज नाही. झाकण असलेली पेटी, तिच्यात खताचं पाणी, झाकणाला भोकं, भोकात जाळीचा पेला आणि पेल्यात रोप. सुरुवातीला पेल्याचा तळ पाण्याला टेकलेला असतो. रोप पाणी पितं, पातळी खाली जाते, आणि मधल्या मोकळ्या जागेत जी मुळं फुटतात ती हवेतला प्राणवायू घेतात. म्हणून पाणी कमी झालं की पुन्हा काठोकाठ भरायचं नाही, ती हवेतली मुळं बुडाली की गुदमरतात. गटात हे एक वाक्य प्रत्येकीला पाठ हवं, कारण कोणीतरी मायेने पेटी भरून ठेवणारच. लेट्युससारख्या रोपाला पूर्ण वाढीपर्यंत तीन-चार लिटर पाणी पुरतं. तेवढ्या आकाराची पेटी घेतली तर मध्ये फक्त बघायचं.

आता हवामान. आपला खरा शत्रू गरम पाणी आहे. २० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास, आणि उष्णतेने मुळांची गरज मात्र वाढते. अशा पाण्यात मूळकूज येते. निरोगी मूळ पांढरं आणि ताठ असतं. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढा, वरची साल बोटात राहते आणि आतली शीर दोऱ्यासारखी लोंबते. एकदा हे दिसलं की पेटी रिकामी करून ब्लीचिंगच्या पाण्याने धुवायची, त्यात औषध ओतत बसायचं नाही. पेट्या पडवीत सावलीच्या बाजूला आणि जमिनीलगत ठेवा, पत्र्याखाली मांडणीवर उंच ठेवू नका.

लेट्युस आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होतो. पुढे कडू होतो आणि तुऱ्यावर जातो. स्ट्रॉबेरी महाबळेश्वरला राहू दे. तुम्ही लाल माठ, पालक, कोथिंबीर, पुदिना, मायाळू लावा. माठाला आणि मायाळूला आपली उष्णता सोसते. पालक आणि कोथिंबीर पाऊस ओसरल्यावर जास्त खुलतात. धने हलके भरडून दोन करून पेरा, अख्खे टाकले तर उगवण रेंगाळते. पावसात रानभाजी फुकट असताना पालेभाजीचे ढीग काढू नका. तेव्हा फक्त कोथिंबीर, पुदिना आणि मिरचीची रोपं करा, म्हणजे जे घाटावरून येतं तेच.

खोलीच्या आत दिवे लावून पीक काढायचा विचार असेल तर हिशेब बघा. एक चौरस मीटर पालेभाजीला चांगल्या प्रतीचे ८० वॅटच्या आसपास एलईडी लागतात, रोज १४ तास. दिवसाला १.१ युनिट, महिन्याला ३४ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर चौरस मीटरमागे महिन्याला ३४० रुपये नुसत्या उजेडाचे. माठाच्या जुड्या विकून ते निघणार नाहीत. म्हणून वाढीचं काम पडवीत करा, पडवीला बाहेरून माकडांसाठी जाळी मारा, आणि खोली रोपं उगवायला, खत ठेवायला वापरा. रोपांच्या एका मांडणीपुरते दिवे परवडतात. मांडणी लोखंडाची नको, खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत गंजून जाईल. पोफळीच्या पट्ट्यांची करून घ्या.

पाण्याचं पुढच्या खेपेला लिहितो, जेवायला हाक आली.

बंदरावरलो

ताई, मी मालवणातसून लिवतंय. पाण्याचा मी सांगतंय. आमच्या हयसर पण मे म्हयन्यात बावीचा पाणी मचूळ होता.

ईसी मीटर घ्या, पाण्यात क्षार किती विरघळलेत ते तो मिलिसीमेन्सच्या आकड्यात दाखवतो, हजार-दोन हजारांत मिळतो. नुसत्या पाण्याचाच आकडा एकच्या वर गेला तर त्या पाण्यात खत घालून उपयोग नाही, मीठ आधीच भरलेलं आहे. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी एरवी हलकं आणि किंचित आंबट असतं, या कामाला एकदम चांगलं. पावसात तर पागोळ्यांचं पाणी पिंपात धरा, पहिल्या दोन-चार सरी सोडून. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे तुम्ही घालाल तेवढंच खत रोपाला मिळतं. पालकाला आकडा १.८ ते २.३ ठेवतात, लेट्युसला ०.८ ते १.२. उष्ण दिवसांत खालच्या बाजूला राहा, तेव्हा रोप पाणी जास्त पितं आणि मागे खत घट्ट होत जातं.

पेट्या विकत घेऊ नका. बंदरावर बर्फात मासळी येते त्या थर्माकोलच्या पेट्या मागा, फुटक्या नसतील त्या. थर्माकोलमुळे आतलं पाणी लवकर तापत नाही, ही मोठी सोय. पण गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवा, मीठ आणि वास दोन्ही गेलं पाहिजे. थर्माकोलातून उजेड झिरपतो आणि आत शेवाळ धरतं, म्हणून आतून काळं प्लास्टिक लावा.

आमच्याकडे एका काकींनी विचारलं होतं, पाण्याचा पीएच, म्हणजे आंबट-अल्कपणाचा आकडा, उतरवायला कोकमाचं आगळ घातलं तर? नको. आगळात मीठ असतं. लिंबूही नको, त्याचा परिणाम दोन दिवस टिकतो आणि पीएच परत वर येतो. पीएच मीटरवर साडेपाच ते साडेसहा असेल तर काहीच घालू नका. वर गेला तर फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला, हातमोजे घालून.

आशाताई

एक महत्त्वाचं. साठवलेलं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. पेल्याभोवती फट राहू देऊ नका, रिकामं भोक बुचाने बंद करा. पागोळ्यांच्या पिंपाला पातळ सुती कापड बांधा. दर आठवड्याला झाकण उचलून बॅटरीने आत बघणं एकीच्या अंगावर सोपवा. आम्ही घरोघर पाहणीला येतो तेव्हा मनापासून सांगते, अशा उपक्रमाची पेटी उलटी करायला लावणं आम्हालाही आवडत नाही.

खाडीकाठची

सगळ्यांचे खूप आभार. काल गटाच्या बैठकीत पागोळीदादांचं उत्तर मोठ्याने वाचलं. दीड लाखाचं कोटेशन परत पाठवायचं ठरलं. धोपाव्याच्या अलीकडे मासळीचे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे पेट्यांचा शब्द टाकलाय.

गटातल्या सर्वांत मोठ्या काकींनी एक गोष्ट काढली आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. ऋषीच्या भाजीला लागणारा माठ, अळू, पडवळ हे परसातलंच हवं असतं, आणि माकडांमुळे आता तेही बाजारातून आणावं लागतं, कोणाच्या नांगराचं ते देव जाणे. या पेटीतल्या माठाला ना बैल लागला, ना ट्रॅक्टर. चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी येतात, घरटी दहा-बारा माणसं असतात, तेव्हा माठाच्या जुड्या वाडीतच संपतील. म्हणून पहिलं पीक त्या हिशेबाने धरायचं ठरवलंय. बाकीच्यांनी म्हटलं, विकायचं नंतर बघू, आधी आपल्या चुलीवर येऊ दे. मलाही तेच बरं वाटलं.

दोन शंका आहेत. पेल्यात काय भरायचं? इथे काथ्याचा भुसा पोत्याने पडलेला असतो, तो चालेल का? आणि खत दुकानदार १९:१९:१९ घ्या म्हणतो, ते एकच पुरे होतं का?

पागोळी

ऋषीच्या भाजीचं वाचून घरी सगळ्यांना सांगितलं. माठ पेरणीनंतर महिन्याभरात कापायला येतो, म्हणजे चतुर्थीच्या आधी दीड महिना पेट्या तयार हव्यात. पहिल्या खेपेत थोडं पुढे-मागे होणारच, म्हणून आठवड्याच्या अंतराने दोनदा पेरा.

१९:१९:१९ नको. त्यातलं अर्ध्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीतले जिवाणू युरिया फोडून रोपाला देतात, नुसत्या पाण्यात ते काम नीट होत नाही. कॅल्शियमही त्यात नाही, आणि आपल्या पाण्यात तर तो मुळातच कमी. हायड्रोपोनिक्ससाठी 'ए' आणि 'बी' अशा दोन पुड्यांचं खत मिळतं, ते घ्या. दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत विरघळवा आणि पेटीतल्या भरपूर पाण्यात एकामागून एक ओता. घट्ट द्रावणं एकमेकांत मिसळली तर कॅल्शियम गंधक आणि स्फुरदाशी बांधला जाऊन तळाला पांढरा साका बसतो, तो रोपाला मिळत नाही. खत कालवायचं काम आळीपाळीने करू नका. दोघीच ठरवा, एक मुख्य आणि एक तिच्या गैरहजेरीत. भिंतीला वही टांगून तारीख, ईसी, पीएच आणि सही. बाकी पेरणी, कापणी, झाकण बघणं आळीपाळीने चालेल.

काथ्याचा भुसा उत्तम, पण तो धुतल्याशिवाय वापरू नका. आपल्याकडे नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजत घालतात, त्यामुळे भुशात मीठ मुरलेलं असतं. पोत्यात भरून पावसात पन्हळीखाली ठेवा आणि खालून निथळणाऱ्या पाण्याचा ईसी बघत राहा. तो ०.५ च्या खाली आला की मग कॅल्शियम नायट्रेटच्या हलक्या द्रावणात रात्रभर भिजवा आणि पुन्हा एकदा धुवा. भुशाला चिकटलेलं सोडियम तेव्हाच सुटतं.

त्यासाठी २५ किलोचं पोतं घेऊ नका. कॅल्शियम नायट्रेट हवेतली ओल ओढतं, जूनमध्ये उघडं राहिलेलं पोतं आठवड्यात चिकट पाक होऊन वाहायला लागतं. तुमच्या आसपास कलिंगड करणारे कोणी असतील तर त्यांच्याकडे हंगाम संपताना उरलेलं असतं, ठिबकमधून ते हेच सोडतात. दोन-तीन किलो मागून घ्या आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत भरून खोलीत ठेवा. बरणीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा, कारण ते दिसतं अगदी साबुदाण्यासारखं.