नर्सिंग महाविद्यालयाची सिम्युलेशन लॅब: आधी महागडा मॅनिकिन घ्यावा की आधी खोली नीट लावावी?

प्रश्न (नर्सिंग ट्यूटर, लातूर जिल्हा)

सर्वांना नमस्कार. आमच्या बी.एस्सी. नर्सिंग महाविद्यालयाला सिम्युलेशन लॅबसाठी, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी पुतळ्यांवर आणि मुद्दाम उभ्या केलेल्या प्रसंगांतून सराव करण्याच्या खोलीसाठी, पहिल्या मजल्यावरचा एक जुना हॉल मिळाला आहे. तो साधारण 40 फूट लांब आणि 25 फूट रुंद आहे. भारतीय परिचर्या परिषदेने 2021 मध्ये आणलेल्या सुधारित अभ्यासक्रमात सिम्युलेशनला स्पष्ट स्थान असल्याने हे काम आता पुढे ढकलता येणार नाही. संस्थाचालकांचा कल असा आहे, की हाताशी असलेल्या रकमेतला मोठा हिस्सा श्वास घेणाऱ्या, नाडी लागणाऱ्या, संगणकावर चालणाऱ्या एका मॅनिकिनवर (सरावाच्या मानवी पुतळ्यावर) खर्च करावा. माझे मन मात्र त्याला तयार होत नाही. आमच्या फाउंडेशन लॅबमध्ये शिरेत सुई घालण्याच्या सरावासाठी एकच रबरी हात आहे आणि त्याच्या कोपराजवळची कातडी इतकी टोचून झाली आहे, की रंगीत पाणी सोडले तर ते शिरेत न थांबता छिद्राछिद्रांतून झिरपते. एक विद्यार्थिनी कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) घालते, लगेच दुसरी पुढे येते आणि लॉगबुकवर सही होते. आपली चूक काय झाली, हे कुणालाच नीट कळत नाही. हॉलची विभागणी कशी करावी आणि पैसे आधी कशावर लावावेत, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. वीज अधूनमधून जाते आणि उन्हाळ्यात पाणी टँकरने येते, हेही कृपया लक्षात घ्यावे.

उत्तर 1 (निवृत्त प्राध्यापिका, नांदेड)

मॅडम, आपली शंका रास्त आहे. मी ज्या महाविद्यालयात होते तिथे असाच महागडा मॅनिकिन आणला होता. पहिल्या वर्षी तो छान चालला, पण नंतर दुरुस्तीचा माणूस पुण्याहून येईपर्यंत महिनोन् महिने चादरीखाली झाकून ठेवावा लागला. त्या काळात शिकवणे थांबले नाही, ते साध्या पुतळ्यावर चालू राहिले, आणि खरे सांगायचे तर तेव्हाच आम्ही खोलीकडे नीट पाहिले. नर्सिंग शिक्षणातला पहिला मॅनिकिन म्हणून ओळखली जाणारी ‘मिसेस चेस’ ही बाहुली 1911 मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत आली. ती ना श्वास घेत होती ना बोलत होती, पण तिला कुशीवर वळवता येत होते, कपडे घालता येत होते, खाटेवरून खुर्चीत बसवता येत होते, आणि तेवढ्यावर मुली रुग्णाला हात लावायला शिकत होत्या.

हॉलचा निम्म्याहून अधिक भाग खऱ्या वॉर्डसारखा लावा. सरकारी रुग्णालयात असतात तशाच उंचीच्या लोखंडी खाटा, तशाच गाद्या, खाटांमध्ये तेवढेच अंतर, पडदे, सलाईनचे स्टँड आणि एका टोकाला रजिस्टर ठेवलेले नर्सिंग स्टेशन असावे. याचे कारण एका उदाहरणावरून सांगते. सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून द्यायचा उपचार) शिकवताना आपण पुतळा जमिनीवर किंवा बुटक्या टेबलावर ठेवतो. मुली मिनिटाला 100 ते 120 या गतीने, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब अगदी व्यवस्थित देतात आणि उत्तीर्ण होतात. तीच मुलगी वॉर्डात उंच खाटेशी उभी राहते तेव्हा तिचे कोपर वाकतात, खालची गादी दबते आणि छाती मात्र पुरेशी दबत नाही. पायाखाली स्टूल ओढून घ्यावे आणि पाठीखाली फळी सरकवावी, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते, कारण लॅबमध्ये ना स्टूल होते ना फळी.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. हॉलच्या एका बाजूला दार बंद करता येईल अशी छोटी खोली काढा. तिथे खुर्च्या गोलाकार ठेवा आणि सरावाचा प्रसंग संपल्यावर विद्यार्थ्यांना घेऊन बसा, म्हणजे काय घडले, त्या वेळी मनात काय चालले होते आणि पुढच्या वेळी काय वेगळे करायचे, हे त्यांनाच बोलता येईल. प्रसंग दहा मिनिटांचा असेल तर या चर्चेला किमान वीस मिनिटे द्या. अमेरिकेत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निम्म्यापर्यंत क्लिनिकल तास (रुग्णालयातील प्रत्यक्ष सरावाचे तास) सिम्युलेशनने भरूनही विद्यार्थ्यांच्या तयारीत लक्षणीय फरक आढळला नव्हता. तो निष्कर्ष सगळेच सांगतात, पण तिथले शिक्षक सिम्युलेशनचे आणि अशा चर्चेचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले होते, हा भाग मात्र पुष्कळदा गाळला जातो. त्यामुळे खर्चाचा पहिला वाटा दोन-तीन ट्यूटरांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवा, असा माझा आग्रह आहे.

उत्तर 2 (परिसेविका, बीड जिल्हा)

प्राध्यापिका मॅडमांशी मी सहमत आहे. प्रसंग कोणते घ्यावेत, याबद्दल वॉर्डाच्या बाजूने लिहिते. परदेशी पुस्तकातले प्रसंग जसेच्या तसे घेऊ नका. आमच्याकडे कापसाच्या आणि सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण येतात. तोंडाला फेस, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि खाटेभोवती सात-आठ नातेवाईक, असे ते दृश्य असते. डॉक्टर अ‍ॅट्रोपीन हे या विषबाधेवरचे औषध 3 मिलिग्रॅम द्यायला सांगतात. आपल्याकडची नेहमीची अ‍ॅम्प्युल, म्हणजे औषधाची बंद काचेची कुपी, 0.6 मिलिग्रॅमची असते, म्हणजे पाच अ‍ॅम्प्युल फोडायच्या, आणि पाच मिनिटांत सुधारणा दिसली नाही तर मात्रा दुप्पट, म्हणजे दहा. एका नव्या सिस्टरला मी या हिशेबापाशी थबकलेली पाहिले आहे. तिला औषध पूर्ण माहीत होते, पण इतक्या काचा भराभर फोडण्याची हाताला सवय नव्हती आणि दुसऱ्या अ‍ॅम्प्युललाच तिचे बोट कापले. डिस्टिल्ड वॉटरच्या काचेच्या अ‍ॅम्प्युल्सवर ‘केवळ सरावासाठी’ अशी चिठ्ठी लावून हा प्रसंग कमी खर्चात उभा करता येतो. चार विद्यार्थ्यांना नातेवाईक करा आणि त्यांना सारखे प्रश्न विचारू द्या. त्या गर्दीतून वाट काढणे आणि एकाला बाजूला घेऊन धीर देणे, हीसुद्धा शिकण्याचीच गोष्ट आहे.

पाण्याचे म्हणाल तर बेसिन नळासह हवेच, कारण साबणाने हात धुण्याची 40 ते 60 सेकंदांची सवय तिथेच लागते. टंचाईच्या दिवसांत तोटीची टाकी आणि प्रत्येक खाटेशी हँडरबची (हातांना चोळायच्या जंतुनाशकाची) बाटली ठेवा.

उत्तर 3 (स्टाफ नर्स, परभणी)

मी दोन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झाले. आमच्या मॅडमांनी एकदा लाल रंगाचे पाणी मोजून चादरीवर आणि पॅडवर ओतले आणि प्रसूतीनंतरचा हा रक्तस्राव किती असेल, असे विचारले. बहुतेकींनी 200 ते 300 मिलिलिटर सांगितले. प्रत्यक्षात ते 500 होते, म्हणजे धोक्याची घंटा वाजते तेवढे. आजही लेबर रूममध्ये भिजलेली चादर दिसली, की मी नजरेवर विसंबत नाही. मॅडम, हा सराव नक्की ठेवावा, त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. उंच खाटेचा मुद्दा वाचून मी आज जिल्हा रुग्णालयातल्या खाटेची उंची टेपने मोजून आणली. चार खाटा, दोन स्टूल, एक फळी, पाच रबरी हात, बेसिन आणि चर्चेची वेगळी खोली, असा नवा आराखडा प्राचार्यांपुढे ठेवते आणि मोठ्या मॅनिकिनची मागणी पुढच्या वर्षावर टाकण्याची विनंती करते. परिसेविका ताई, विषबाधेचा प्रसंग लिहून काढल्यावर तो तपासण्यासाठी आपण एक दिवस लातूरला येऊ शकाल का?